इंदूरच्या उत्तरेकडच्या गॅलरीत थंड हवेची ऑर्किड: काय टिकेल, काय नाही?

अनघा_सुदामानगर

नमस्कार. गच्चीवर गुलाब, मोगरा, अ‍ॅडेनियम, कढीपत्ता सगळं आहे आणि मजेत आहे, त्यामुळे बागकामात अगदीच कोरी नाही. पण सध्या ऑर्किडबद्दल जे जे वाचून राहिलेय त्याने डोकं भणभणायला लागलंय, म्हणून इथे विचारते.

धाकटे दीर सिलिगुडीला नोकरीला असतात. या खेपेला येताना कालिम्पाँगच्या एका नर्सरीतून तीन झाडं घेऊन आले. दोन सिंबिडियम आहेत. एकावर नावाची चिठ्ठी आहे, दुसऱ्याच्या कुंडीवर मार्करने नुसतं 'पिंक' लिहिलंय. तिसरी सीलोजिनी क्रिस्टाटा, लोंबत्या टोपलीत. तिला आत्ता फुलं आहेत. पांढरीशुभ्र, पाकळ्यांच्या कडा धुऊन वाळत घातलेल्या मलमलीसारख्या चुरमडलेल्या, आणि मधल्या ओठावर पिवळ्या झालरीच्या रेघा. शेजारच्या काकू दोनदा येऊन बघून गेल्या. आता फेब्रुवारी संपत आलाय. पुढे काय वाढून ठेवलंय ते इंदूरच्या माणसाला सांगायला नको.

जागा सांगते. दुसरा मजला, गॅलरी उत्तरेला, दहा बाय चार फूट, डोक्यावर स्लॅब, समोर शेजाऱ्यांचा कडुलिंब. थर्मामीटर मी गॅलरीतच टांगलाय. गेल्या मे महिन्यात दुपारी ३९ पर्यंत गेला, पहाटे २५-२६. जानेवारीत पहाटे ९. नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं. आरओवाल्याकडून टीडीएसचा (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा) मीटर मागून घेतला: नळाचं पाणी २४० च्या आसपास, बोअरचं ८०० च्या वर, आरओचं ४०.

आता वाचलेलं ऐका. एक जण म्हणतो रात्री १० ते १३ अंश हवेतच. दुसरा म्हणतो ३० पर्यंत चालतं. तिसरी बाई लिहिते, उन्हाळ्यात खुशाल बाहेर झाडाखाली ठेवा. अहो, बाहेर झाडाखाली मे महिन्यात आमची मांजरसुद्धा बसत नाही. एसी फक्त बेडरूमला आहे आणि आमच्या ह्यांनी आधीच जाहीर केलंय की कुंडी आत आली तर ते बाहेर झोपतील.

तर ही तीन झाडं इथे टिकतील का? टिकवायची तर नेमकं काय करू? आणि एक हट्टही आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मास्डेव्हालिया व्हीचियाना बघितली. भडक नारिंगी आणि त्यावर उन्हात चमकणारी जांभळी लव. तेव्हापासून तीच डोळ्यांसमोर आहे. मागवू का?

लष्करकर

अनघाताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फुलं आहेत तोवर भरपूर फोटो काढून घ्या. आमच्या ग्वाल्हेरला जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि लू अशी चालते की मनीप्लांटची पानंसुद्धा करपतात. इंदूर त्यामानाने सौम्य आहे हे मान्य, पण डोंगरातलं झाड ते डोंगरातलंच.

मी तो नाद केला नाही. माझ्याकडे वांडा टेसेलाटा आहे. ही आपल्या मध्य प्रदेशातच आंब्या-मोहाच्या झाडांवर उगवते, काही वैद्य तिला रास्ना म्हणून वापरतात. आणि सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, ती आसामचं राज्यफूल आहे आणि आपल्या सह्याद्रीतही आहे. दोन्ही सागाच्या ओंडक्याला काथ्याने बांधल्यात, खाली माती नाही, कुंडी नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. जानेवारीत धुकं पडून पारा चार-पाचावर आला की ओंडके उचलून जिन्यात आणतो. मे-जूनमध्ये वेणी फुलते तेव्हा लोक रस्त्यावरून विचारतात, हे काय आहे म्हणून. आपल्या हवेतलं झाड लावा आणि सुखाने झोपा, एवढंच माझं म्हणणं.

मालव्यातला_मास्तर

लष्करकरांचं ग्वाल्हेरपुरतं खरं आहे. इंदूरपुरतं मी मानत नाही.

मी तिलक नगरला राहतो, म्हणजे तुमचंच पाणी, तुमचीच हवा. भौतिकशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, निवृत्तीनंतर गच्चीवर जाळीची शेड उभी केली आणि त्यात ऑर्किड भरली. त्यामुळे आकडे जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, अनघाताई, तुम्ही ३९ ला घाबरताय. घाबरायचं ते २६ ला. झाड दिवसा साखर तयार करतं आणि रात्री श्वसनात त्यातली काही जाळतं. दर दहा अंशांना श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. ज्या झाडाला रात्रीच्या १२ अंशांची सवय आहे ते २६ अंशांत ठेवलं तर दिवसाची कमाई रात्रीतच उडते. असं झाड एका दुपारीत करपून मरत नाही. प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं, कंद सुरकुततात, मुळं थांबतात, आणि माणूस पाणी जास्त झालं की कमी झालं यावर वाद घालत बसतो. म्हणून कुठलीही माहिती वाचताना आधी रात्रीचा आकडा शोधायचा. इंग्रजी पुस्तकांत थंड, मध्यम आणि उष्ण असे जे तीन गट करतात तेही हिवाळ्यातल्या रात्रीच्या तपमानावरूनच. थंड गट म्हणजे रात्री १० ते १३ अंश.

दुसरी गोष्ट. 'थंड हवेचं ऑर्किड' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या तऱ्हा येतात. तुमची व्हीचियाना पेरूतली, माचू पिचूच्या बाजूची. ते ठिकाण सुमारे २,४०० मीटरवर आणि विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ. तिथे आपल्यासारखा उन्हाळा-हिवाळा नाही. बाराही महिने दिवस विशीच्या आसपास, रात्र दहा-बाराची, आणि ढग. शिवाय मास्डेव्हालियाला पाणी साठवायला कंदच नसतो, नुसती पानं आणि केसासारखी मुळं. तिला एक महिनासुद्धा सवलत मागता येत नाही.

सीलोजिनी क्रिस्टाटाचं तसं नाही. ती नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडची, साधारण दीड ते अडीच हजार मीटरवरची. तिच्या गावाला मान्सून आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धो धो पाऊस, मग ऑक्टोबरपासून कोरडं आणि थंड, फेब्रुवारी-मार्चला फुलं. ही चाल ओळखीची वाटते ना? मालव्याचीच आहे. आकडे तेवढे वेगळे. गंगटोकला ऑगस्टात रात्री १७ च्या आसपास असतं, आपल्याकडे २२. जानेवारीत तर तुमच्या गॅलरीतले ९ अंश तिला घरच्यासारखे. म्हणजे हिमालयातल्या झाडाची अडचण खरी एप्रिल ते जूनचा मध्य एवढीच. पावसाळा थोडा उबदार पडतो, तो ते सोसतं.

आता उन्हाळ्यातलं सांगतो, आणि इथेच आमचं मैदान बडोद्या-मुंबईपेक्षा बरं आहे. एका थर्मामीटरच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळा, शेजारी दुसरा कोरडा ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी कोरडा ४१ दाखवत असेल आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला २१-२२ दाखवेल. चांगला कूलर हवेला त्या ओल्या आकड्याच्या तीन-चार अंश जवळ नेतो, म्हणजे २५. हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सगळे दुपारी कूलर लावतात आणि रात्री बंद करतात. पण मे महिन्यातल्या रात्री २६ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर १५ पर्यंत उतरतो. कूलरपुढे १८ मिळतात. अठरा! मे महिन्यात, इंदूरला, एसीशिवाय. झाडाला हवी ती गोष्ट तुम्हाला रात्रीच मिळत असते आणि आपण तेव्हाच बटण बंद करतो. दुपारी फक्त सावली आणि ओल सांभाळा, रात्री हवा थंड करा.

गॅलरी उघडी आहे म्हणून पूर्ण कूलर लावून काही उपयोग नाही, सगळा गारवा कडुलिंबाला जाईल. पश्चिमेकडचा कोपरा निवडा. लाकडी पट्ट्यांची साधी चौकट करून वाळ्याची ताटी एका बाजूला लावा, बाकीच्या बाजूंना ग्रीन नेट दुहेरी. ताटीवर वरून पाणी झिरपवायला ठिबकची नळी, खाली घमेलं, ताटीच्या मागे एक छोटा टेबल फॅन. फॅन रात्रभर चालू. कुंड्या जमिनीवर ठेवू नका, फरशी रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत असते. विटांवर जाळी, जाळीवर कुंड्या. आणि सिंबिडियमची प्लास्टिकची कुंडी एखाद्या रुंद तोंडाच्या मटक्यात बसवून मधल्या फटीत ओली वाळू भरा. मुळांजवळ चार-पाच अंशांचा फरक मी स्वतः मोजलाय.

१५ जूननंतर, आर्द्रता चढली की हे सगळं बंद. २९ अंश आणि ८५ टक्क्यांना ओला थर्मामीटर २७ दाखवतो, तेव्हा ताटीने काही मिळत नाही, फक्त बुरशी मिळते. मग ताटी काढायची, फॅन ठेवायचा.

उत्तरेकडच्या गॅलरीबद्दल एक. लोक समजतात तिथे ऊन येतच नाही. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे. मे ते जुलै सूर्य उगवतो आणि मावळतो तो पूर्व-पश्चिमेच्या बराच उत्तरेकडून, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात सकाळी आणि विशेषतः संध्याकाळी तिरपं ऊन थेट आत येतं. हिवाळ्यात मात्र थेट ऊन शून्य, आणि सिंबिडियमला तेव्हाच उजेड हवा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या दोघी गच्चीवर, सकाळच्या उन्हात.

वाचायचं कसं तेही सांगतो, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. ती 'बाहेर झाडाखाली ठेवा' म्हणणारी बाई चूक नाही, ती बहुधा इंग्लंडातली आहे. तिचा उन्हाळा म्हणजे दिवसा २०-२२, रात्री १२. म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी. तिचं वाक्य घ्या, महिना बदला. दुसरं, कुळाच्या नावाने शोधू नका. 'डेंड्रोबियमची काळजी' हे वाक्यच निरर्थक आहे. त्या कुळात हजाराच्या वर जाती आहेत. नर्सरीत मिळणारी जांभळी डेंड्रोबियम उष्ण किनाऱ्याकडच्या जातींच्या संकराची, ती १५ अंशांखाली पानं टाकते. न्यू गिनीतली कथबर्टसोनी दोन-तीन हजार मीटरवरची, तिला आपला मार्चही सोसणार नाही. जातीचं पूर्ण नाव घ्या, जुन्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, नोंदींत ती किती उंचीवर सापडली ते बघा. पुष्कळ नोंदी आता नेटवर आहेत. मग त्या भागातल्या एखाद्या गावाचं महिनावार सरासरी तपमान काढून इंदूरच्या आकड्यांशेजारी लिहा. गावाचं मिळालं नाही तर दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश वजा करा. मी हे वहीत दोन रकान्यांत लिहितो. दहा मिनिटांत कळतं की झाडाला कोणते महिने जड जाणार.

संकर असेल तर लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑर्किडच्या संकरांची नोंदवही ठेवते, ती नेटवर फुकट बघता येते. चिठ्ठीवरचं नाव टाका, आई-बाप निघतात, मग त्यांचे आई-बाप. तुमच्या चिठ्ठीवाल्या सिंबिडियममध्ये कुठे एन्सिफोलियम निघालं तर पेढे वाटा. ती उबदार हवेतली जात आहे आणि उष्णता सोसणारी सिंबिडियम बरीचशी तिच्यामुळेच झाली. गोल्डन एल्फ हे त्यातलंच, पिवळं, सुवासिक. नुसती हुकेरियानम, लोवियानम अशी डोंगरी नावं निघाली तर झाड जगेल, हिरवंगार होईल, पण फुलांचा दांडा येईलच असं नाही. मोठ्या फुलांच्या सिंबिडियमला दांडा धरायला पावसाळ्याच्या शेवटी थंड रात्री लागतात आणि आपल्या रात्री ऑक्टोबर सरल्याशिवाय उतरत नाहीत.

हा गोंधळ नवा नाही हो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लोक ऑर्किड म्हटलं की सरसकट बॉयलरने तापवलेल्या काचघरात कोंडायचे, 'उष्ण देशातलं' म्हणून. हजारोंनी मेली. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने वारा खेळवला, वेगवेगळ्या तपमानाची घरं केली, तेव्हा कुठे झाडं राहायला लागली. त्याच ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला खासी टेकड्यांत झाडं गोळा करायला धाडलं होतं. सिंबिडियम डेव्होनियानम हे नाव त्या ड्यूकवरून. त्यांनी उलटी चूक केली, आपण सुलटी करून राहिलोय, इतकाच फरक.

तर निकाल: सीलोजिनी राहील. सिंबिडियम राहतील, फुलांचं चिठ्ठी सांगेल. व्हीचियाना गॅलरीत नाही. आणि तुम्हाला चौथं झाड घ्यायचंच असेल तर डेंड्रोबियम नोबिले घ्या, सिक्कीमचं राज्यफूल. हिवाळ्यात दोन-अडीच महिने खत बंद, पाणी जवळजवळ बंद, रात्री दहा-बारा अंश आणि भरपूर ऊन. पानं गळतील, गळू द्या. मालव्याचा हिवाळा म्हणजे तेच. मुंबईकर या झाडाला खत-पाणी देत राहतात, मग दांड्यावर फुलांऐवजी पिल्लं, म्हणजे नवी छोटी रोपं येतात.

आदित्य_दांडियाबाजार

मास्तरकाकांचं मैदान बरं आणि आमचं बडोदं वाईट, हे वाचून दुःख झालं, पण आकडे तसेच आहेत. आमच्याकडे जूनमध्ये रात्री २७-२८ आणि हवा अशी की टॉवेल वाळत नाही. ताटी, कूलर सगळं फेल. म्हणून मी सरळ फ्रिज केला.

अनघाताई, व्हीचियानाचा हट्ट सोडायचा नसेल तर वाचा. कोल्ड्रिंकवाल्यांकडे असतो तो काचेच्या दाराचा उभा कूलर, जुना घेतला. त्याचा मूळ थर्मोस्टॅट चार-पाच अंशांवर चालतो, तो बायपास करून बाहेरून तपमान सांभाळणारा एसटीसी-१००० कंट्रोलर जोडला. टायमरवर दोन कंट्रोलर आहेत, दिवसा २० आणि रात्री १२. आत कॉम्प्युटरचे दोन छोटे पंखे, ते चोवीस तास, कधीच बंद नाहीत. ते थांबले की पानांवर पाणी बसतं आणि दोन दिवसांत काळे डाग. एलईडी पट्ट्या आत, पण त्यांचे ड्रायव्हर बाहेर, नाहीतर फ्रिज एकीकडे गार करतो आणि दिवे दुसरीकडे तापवतात. तळाला ट्रेमध्ये पाणी, त्यावर जाळी. मुळांना स्फॅग्नम मॉस, पाणी फक्त आरओचं किंवा पावसाचं. तुमचं ४० वालं पाणी एकदम चालेल, नळाचं अजिबात नाही. मुळं इतकी बारीक असतात की क्षार आधी तिथे दिसतात, पानाची टोकं काळी पडायला लागतात.

आमच्या आईचं म्हणणं, एवढ्या गारव्यात निदान श्रीखंड तरी ठेव. एक कप्पा तिला दिला असता, पण श्रीखंडाला बारा अंश गरम पडतात.

खरी डोकेदुखी लाइट जाण्याची. मे महिन्यात दोन तास गेली तर काचेचा डबा तापतो. मी पंखे इन्व्हर्टरवर घेतलेत आणि डीप फ्रीजरमध्ये पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या तयार ठेवतो, लाइट गेली की दोन आत. सुरुवातीला व्हीचियाना नका घेऊ, इन्फ्रॅक्टा घ्या. ब्राझीलकडची आहे, मास्डेव्हालियात त्यातल्या त्यात उबदार हवा सोसते. ती वर्षभर टिकली की मग पुढचं.

आणि विक्रेत्याला एक विचारा: झाड भारतात वाढवलेलं आहे की बाहेरून आणलंय? सगळी ऑर्किड साइट्सच्या (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत. बाहेरून आणलं असेल तर निर्यातीचा परवाना आणि झाड रोगमुक्त असल्याचा दाखला त्याच्याकडे असायला हवा. 'बिनधास्त पाठवतो' म्हणाला तर फोन ठेवा.

लष्करकर

आदित्यने बरं आठवण करून दिली. आमच्याकडे मेळ्याच्या दिवसांत एक जण पोत्यात भरून ऑर्किड आणतो. मुळं तुटलेली, सालीचे तुकडे चिकटलेले, म्हणजे सरळ जंगलातून ओरबाडलेली. स्वस्त असतात म्हणून लोक घेतात. निळी वांडा आणि लेडीज स्लिपर तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत आहेत. घेऊ नका. अशी झाडं कुंडीत तशीही जीव धरत नाहीत.

आणि मास्तर, रात्री कूलर लावायची गोष्ट पटली. माणसांसाठी आम्ही लावतोच, झाडांसाठी डोक्यात आली नव्हती. पण आमच्याकडे जूनमध्ये रात्रीच ३० असतं, तिथे तुमचे अठरा काही निघत नाहीत. मी माझ्या वेणीवर खूश आहे.

अनघा_सुदामानगर

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. छापून फ्रिजवर लावलंय. (साध्या फ्रिजवर, आदित्य. दुसऱ्या फ्रिजचं नाव काढलं तर आमचे हे बाहेर झोपणार नाहीत, सरळ सासुरवाडीला जातील, म्हणजे माझ्याच आईला त्रास.) व्हीचियाना तूर्तास रद्द. नोबिलेची चौकशी सुरू केली.

चिठ्ठीवरचं नाव त्या नोंदवहीत टाकलं. आईच्या बाजूला तिसऱ्या पिढीत एन्सिफोलियम निघालं! पेढे आणते. 'पिंक'चं मात्र देव जाणे.

मास्तरकाका, अजून थोडं विचारू का? सीलोजिनीची टोपली पार भरून वाहतेय, कंद काठावरून बाहेर लोंबून राहिलेत आणि काही सुरकुतलेलेही आहेत. फुलं संपली की मोठ्या टोपलीत हलवू? खत कोणतं? आणि वाळ्याची ताटी आता मिळते कुठे? लहानपणी रामबागेतल्या वाड्यात होती, त्यानंतर बघितलीच नाही.

मालव्यातला_मास्तर

अनघाताई, टोपली हलवू नका. क्रिस्टाटाला मुळं छेडलेली आवडत नाहीत, आणि गर्दी झाली की ती उलट जास्त फुलते. लोंबणाऱ्या कंदांखाली ओल्या मॉसचा गोळा तारेने बांधा, नवी मुळं त्यात शिरतील. कंद सुरकुतलेत ते हिवाळ्यातल्या कोरड्या विश्रांतीमुळे, पाणी वाढवलं की भरून येतात. एप्रिल-मेमध्ये मात्र सुरकुती वाढत गेली तर मुळं बघा. बोटाने दाबून पाहायचं, टणक असली तर तहान आहे, पोकळ सालपट हाताला लागलं तर कुजलीत. कुजलेली दिसली तर तेवढी कापा आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, निरोगी मुळांवर नको, ती सुकवते.

सिंबिडियम फुलं झाल्यावर आत्ता हलवता येतील, पण कालिम्पाँगचं मिश्रण बहुतेक ओल धरणारं असतं, आपल्या पावसाळ्यात ते चिखल होतं. नारळाच्या शेंडीचे तुकडे, लोणारी कोळसा, विटेचे खडे, थोडी पाइनची साल, एवढं पुरे. शेंडी आधी दोन-तीन पाण्यांत भिजवून काढा, क्षार निघतात.

खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं), लिटरला चिमूटभर, म्हणजे पाव ग्रॅम, आठवड्याला एकदा, नवी वाढ चालू असेल तोवरच. एप्रिल-मेच्या भट्टीत बंद, जून ते सप्टेंबर चालू, ऑक्टोबरपासून नत्र कमी. चौथ्या आठवड्याला नुसत्या पाण्याने धुवून काढा. तुमचं २४० चं पाणी सिंबिडियमला चालेल, सीलोजिनीला आरओचं आणि नळाचं निम्मं-निम्मं द्या. जुलैत गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवा, पहिला पाऊस वाहू द्या आणि मग भरा, त्या पाण्याचा मीटरवर आकडा बघून तुम्हालाच मजा वाटेल. पावसाळ्यात पाणी सकाळीच, संध्याकाळी पानं ओली नकोत. काळा डाग पानाच्या बुडाशी दिसला तर वाट बघू नका, निरोगी भागापर्यंत कापा.

ताटी तयार मिळणार नाही, करून घ्यावी लागेल. मार्च लागला की कूलरची घास विकणारे रस्त्याच्या कडेला बसतात. 'घास' म्हटलं की ते लाकडाचा भुसा-तंतू देतात. ते नको, खस मागा, म्हणजे वाळा, वास घेऊन बघा, आणि घरी एक रात्र पाण्यात बुडवून ठेवा. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये भरून कडा शिवल्या की झालं. खस महाग सांगतील, भाव करा.